दोन वाटा फुटतात तिथे बसलेले नाना

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावला माझ्या शाळेच्या मैदानावर मुलांच्या रांगा लावत होते. फोन ठेवून गळ्यातली शिट्टी काढली आणि मुलांना वर्गात पाठवलं.

नाना आमच्या दोंडाईच्याच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. दर हिवाळ्यात ते मुलांना साक्रीकडच्या डोंगरात न्यायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. मुलगी डोंगरात जाणार म्हटल्यावर आई भांडी आपटायला लागली. तेव्हा नाना स्वतः घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "भाऊ, तुमनी पोर ती मनी पोर." विषय तिथेच मिटला.

आधी एकटे जाऊन ते सगळी वाट बघून यायचे. पाणी कुठे आहे, कडा कुठे सैल झालाय, सगळं. आम्हाला मात्र अक्षरही सांगायचे नाहीत. दोन वाटा फुटल्या की दगडावर बसायचे, खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढून सोलत राहायचे. एकदा पुढे जायची पाळी माझी होती. मी डावी वाट धरली आणि बोरीच्या काट्यांतून सगळ्यांना एका नाल्याच्या काठावर नेऊन उभं केलं. पुढे वाटच नव्हती. मुलं चिडवायला लागली, मला रडू फुटलं.

"नाना, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हतं ना. आते परतानी वाट दखाड. मी मांगे शे."

परतीची वाट मी शोधली, आणि नाना खरंच मागे होते. पुढे कॉलेजसाठी जळगावच्या स्टँडवर ट्रंक घेऊन एकटी उतरले. तेव्हाही "मी मांगे शे" हे कानात होतं. आज मी जी काही आहे, ती त्या नाल्यापासून परत फिरलेली मुलगी आहे.

निवृत्तीनंतर धुळ्याच्या एका शिबिरवाल्यांनी नानांना सन्मानाने बोलावलं. मग तिथे प्रत्येक मुलाच्या हाती कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा, बोलणारा फोन आला. दोन वाटा फुटण्याआधीच तो मुलांना सांगतो, उजवीकडे वळा. संध्याकाळी 'आज मी काय शिकलो' हेही तोच लिहून देतो. ज्या मुलाने भीती अनुभवलीच नाही, त्याच्या नावावर 'मी भीतीवर मात केली' असं छापून येतं, आणि आईबाप ते कौतुकाने सगळीकडे पाठवतात! नानांनी विरोध केला तर शिबिराचे संचालक म्हणाले, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. आयुष्यभर आधी वाट चालून बघणाऱ्या माणसाला हे सुरक्षितता शिकवणार? पुढच्या शिबिराला त्यांना बोलावणंच आलं नाही.  तरी डोंगरातले बूट ते पुसून दारात ठेवत राहिले.

तेराव्याला तेच संचालक आले. नानांच्या पत्नीला, अक्कांना, म्हणाले, "अक्का, नानांची जुनी रेकॉर्डिंग द्या. कृत्रिम बुद्धिमत्तेनं त्यांचाच आवाज तयार करू. प्रत्येक वळणावर नाना मुलांना वाट सांगतील. अमर होतील ते!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काही बोलणार, तोच अक्का शांतपणे म्हणाल्या, "त्यास्ना आवाज तुमले कसाले जोयजे, भाऊ? डोंगरवर ते बोलेतच कोठे?"

संचालक हसले. त्यांना वाटलं, आवाज कशाला हवा असं विचारणाऱ्या म्हातारीला काही कळलं नाही. मग माझ्याकडे वळले, "मॅडम, तुमच्या फोनमध्ये असेलच काहीतरी."

"आहे," मी म्हटलं. "देणार नाही."

परवा माझ्या शाळेच्या मुलांना घेऊन त्याच डोंगरात गेले. आदल्या रविवारी वाट चालून आले होते. मुलांचे फोन माझ्या पिशवीत होते. दोन वाटा फुटल्या तिथे सगळे थांबले. "मॅडम, कुठून?" एकीने विचारलं. दुसऱ्याने विचारलं. मग कुरबुर सुरू झाली, "सांगा ना मॅडम, उगाच काय..." उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मी नानांच्या दगडावर बसले आणि खिशातून शेंगा काढल्या.