दानाची पट्टी

मेथी अर्धीच निवडून झाली होती, तेवढ्यात आतून कोंडिबा ओरडला, "बाजू व्हा, गोणी आली!"

बाळाबाईने जुडी ताटात टाकली. कामोठ्याच्या या वृद्धाश्रमात तिला आयाचं काम करून नऊ वर्षं झाली होती. तुर्भ्याच्या बाजारात जन्मभर गोण्या वाहिलेला हा म्हातारा खाटेवरच हमाली करू लागला, की लघवीतला जंतू पुन्हा उसळलाय, हे तिला कळायचं. अंग तव्यासारखं तापलेलं. वर्षातली ही चौथी खेप.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी लघवीची डबी हातात देऊन बजावलं होतं, "मावशी, नेहमीच्या गोळ्यांना हा जंतू आता दाद देत नाही. आधी तपासणी, मग औषध. एक जरी गोळी आधी गेली, तर तपासणी फसेल आणि म्हातारा हातचा जाईल."

आश्रमाचा व्यवस्थापक रणजीत बाहेर दान स्वीकारत होता. शेजारच्या सोसायटीतल्या जागृतीताई घरोघरच्या उरलेल्या गोळ्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. फोटोत रणजीतचे डोळे मिटलेले आले, म्हणून पुन्हा काढणं चाललं होतं. बाळाबाईने बाहेर येऊन तापाचं सांगितलं.

"कोंडिबाला ताप? ही द्या, जंतूवरचीच, भारीतली आहे," रणजीतने डब्यातली एक पट्टी पुढे केली. "टेन्शन खतम."

"ह्यातल्या पाच कुनी खाल्ल्या?" पट्टीतली रिकामी घरं मोजून बाळाबाईने विचारलं.

"आमच्या सासऱ्यांनी," जागृतीताई हसल्या. "बरं वाटलं, मग सोडल्या. टाकून कशाला द्यायच्या? तेवढंच पुण्य."

"आता बरं हाय त्यांना?"

"लघवीला परत जळजळतंय म्हणतात. वयच झालं ना!"

काय ते पुण्य! देवाला कालचं फूल वाहायला या बाईचा हात धजायचा नाही. म्हाताऱ्याला मात्र उष्टी पट्टी चालते. आणि हा रणजीत! कपाळभर अष्टगंध, तोंडी सेवा सेवा, आणि गादी भिजू नये म्हणून चारनंतर म्हाताऱ्यांचं पाणी बंद. जंतू पाळावेत तर यानेच.

बाळाबाईने पट्टी डब्यात टाकून डबा जागृतीताईंच्या हातात दिला. "न्या माघारी. एवढं पुण्य आमाला पेलवायचं न्हाई."

"मावशी, तुम्ही डॉक्टर झालात काय?" रणजीत फिस्कारला.

"न्हाई. पन ह्याची चादर मी बदलते. तुमी न्हाई."

तिने कोंडिबाला आधी पाणी पाजलं. मग पुसून, स्वच्छ करून, बऱ्याच विनवण्यांनी डबीत लघवी धरली. झाकण घट्ट लावलं, पदर खोचला. मेथी ताटातच राहिली. आता डबी स्टेशनजवळच्या लॅबमध्ये पोचवायची, आणि तिथूनच डॉक्टरांना बोलावून आणायचं.