कणगीवरचा डावा अंगठा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. नाशिकमध्ये राहून असं बोलणं म्हणजे तसं धाडसच. सासरचे नातेवाईक कुठून कुठून त्र्यंबकला कसली ना कसली शांत करायला येतात आणि मुक्काम ठोकतात आमच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत. त्यांचे डबे मी पहाटे उठून भरून देते, पण ‘तू पण चल की’ म्हटलं की माझ्या ऑफिसात नेमकं त्याच दिवशी अर्जंट काम निघतं. सासूबाई म्हणतात, ‘हिला देव जरी भेटला तरी ही आधी त्याच्या बोटांचे ठसे घेईल.’ खरंच घेईन.

कारण तेच माझं काम आहे. गुन्ह्यातले बोटांचे ठसे तपासायचे आणि अभिप्राय द्यायचा. सिनेमात कॉम्प्युटरवर दोन ठसे गरगर फिरतात आणि लाल अक्षरांत ‘मॅच’ येतं, तसं काही नसतं हो. भिंग, टेबललॅम्प आणि मान मोडेपर्यंत रेघा बघणं... कुठे रेघ फुटते, कुठे संपते, कुठे बेट तयार होतं. गुन्हेगार कोण हे आम्ही सांगत नाही. हा ठसा या माणसाचा आहे की नाही, एवढंच सांगायचं. पण तेवढंच चुकलं तर कुणाचं तरी आयुष्य उठतं, म्हणून मी सही करायच्या आधी दहा वेळा बघते.

गोष्ट तीनेक वर्षांपूर्वीची. घोटीपासून आत एक गाव आहे, तिथल्या कमलबाईंची तक्रार होती. पन्नाशीच्या, नवरा वारल्यापासून आईकडेच राहणाऱ्या. आई सगुणाबाई, वय सत्तरीच्या पुढे, जन्मभर भातशेती केलेली. तीन महिने अंथरुणाला खिळून त्या गेल्या आणि महिन्याभरात त्यांच्या पुतण्याने एक मृत्युपत्र काढलं. भाताची सगळी खाचरं त्याच्या नावावर. खाली सगुणाबाईंचा डावा अंगठा, आणि साक्षीला त्याचेच दोन दोस्त. बांधाला तारेचं कुंपण घालूनही झालं. कमलबाईंना घर सोडायला आठ दिवसांची मुदत दिली होती, त्यांनी सरळ पोलीस स्टेशन गाठलं.

मृत्युपत्रावरचा अंगठा इतका सुरेख होता की मला तिथेच शंका आली. भात लावणाऱ्या बायकांचे अंगठे तुम्ही पाहिलेत का? वर्षानुवर्षं चिखलात बोटं घालून रेघा पार झिजतात. रेशनच्या मशीनला सगुणाबाईंचा अंगठा कधी पटलाच नव्हता. बँकेतल्या कागदांवर त्यांच्या अंगठ्याचे नुसते शाईचे डाग. मग मृत्युपत्रावर एवढी स्वच्छ नक्षी कुठून आली?

पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. बोटांची झीज वरवरची असते. हाताला काम नसलं तर काही आठवड्यांत रेघा पुन्हा उगवतात, आणि पहिल्यासारख्याच उगवतात. म्हातारी तीन महिने अंथरुणात होती, तेव्हा पुतण्याचा वकील नेमकं हेच म्हणणार. जुळवून बघायला सगुणाबाईंचा एक तरी स्वच्छ, खात्रीचा ठसा हवा होता. ‘आधारला दिले असतील ना?’ असं सगळेच विचारतात. ते दार आम्हाला कायद्याने बंद आहे.

म्हणून मी, आमचे फोटोग्राफर पगारे आणि एक हवालदार सकाळी गाडी काढून गावात गेलो. म्हातारीने हाताळलेली एखादी बाटली, एखादा डबा तरी सापडेल अशी आशा होती.

कमलबाई दारातच उभ्या होत्या. मी विचारलं, ‘आईच्या वापरातलं काय काय आहे?’

‘सगळं हाय की म्याडम. दहाव्याला समदी भांडी राखेनं घासून ठेवलीत. घर सारवलं, आरसा पुसला. औषधाच्या बाटल्या बी धुऊन पालथ्या घातल्या.’

मी कपाळाला हात लावला. पुरावा साफ करण्यात आपल्या रीतीभातींचा हात कोणी धरणार नाही. माणूस गेलं की आपण त्याचा हात लागलेली प्रत्येक वस्तू घासून काढतो, आणि वर म्हणतो आठवणी जपल्या. हे मी मनातच म्हटलं. बाई बिचारी अपेक्षेनं माझ्या तोंडाकडे बघत होती.

‘असं काहीच नाही का, जे धुतलं नाही?’

‘कणगी नाय धुतली,’ त्या म्हणाल्या. ‘भरल्या कणगीला पाणी लावत नाय आम्ही. बियाणं हाय आत. आईचा हात हाय ना तिच्यावर.’

कोपऱ्यात कणगी होती. बांबूची विणलेली, बाहेरून शेणमातीने लिंपलेली. त्यांच्या घरी भात भरून झालं की घरच्या बाईने तांदळाच्या पिठात हात बुडवून कणगीवर उमटवायचा, अशी पद्धत. ही कणगी सगुणाबाई जायच्या आधीच्या दिवाळीत घोटीच्या बाजारातून नवी आणलेली. त्यामुळे तिच्यावर एकच हात होता, डावा.

‘डावा कसा?’ मी विचारलं.

‘उभं राहवत नव्हतं तिला. उजव्या हातानं माझा खांदा धरला नि डावा मारला. मी म्हणलं, राहू दे आई या वर्षी. तर म्हणाली, भरल्या घराला हात लावल्याबिगर मी झोपायची नाय.’

मला आशा शून्य होती. शेणमातीवर पिठाचा हात म्हणजे खडबडीत पांढरा डाग, त्यात रेघा काय कप्पाळ दिसणार? पण आलोच आहोत तर फोटो काढून घेऊ म्हणून पगारेंनी बाजूने तिरका उजेड टाकला, मापाची पट्टी लावली. चार बोटं आणि तळवा माझ्या अंदाजाप्रमाणेच नुसते पांढरे ढब्बे. मग पगारे अंगठ्याशी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

‘मॅडम,’ ते हळूच म्हणाले, ‘हे शेणावर कसं काय उमटलं?’

मी भिंग लावलं. अंगठ्यावर मधोमध गोल चक्र होतं. एकेक रेघ सुटी, धारदार. त्या रेघांवरची घामाची छिद्रंसुद्धा दिसत होती. ऑफिसात शाई नीट पसरून, माणसाला बसवून घेतलेला ठसासुद्धा दर वेळी इतका चांगला येत नाही. मी त्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसले होते आणि मला उठावंसंच वाटेना. देवळात कधी असं झालं नव्हतं.

मृत्युपत्रावरचा अंगठा शंखाचा होता, म्हणजे एका बाजूने शिरून त्याच बाजूने वळणाऱ्या रेघांचा. हा चक्राचा. शंखाचं चक्र जन्मात होत नाही. पंचांच्या सह्या झाल्या. कमलबाईंचे आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांचे ठसेही घेतले, न जाणो त्यांच्यापैकी कुणाचा असेल. कुणाचाच नव्हता. मी अभिप्राय दिला की मृत्युपत्रावरचा अंगठा आणि कणगीवरचा अंगठा एका व्यक्तीचे नाहीत. पोलिसांनी तो समोर ठेवल्यावर साक्षीदारांपैकी एकाने आठवड्यातच तोंड उघडलं. अंगठा त्याच्या बायकोचा होता. तिचे ठसे मीच ताडून पाहिले, तंतोतंत जुळले.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

कमलबाई जबाबाच्या कामाने नाशिकला आल्या, तेव्हा भेटायला आल्या. हातात मेथीच्या दोन जुड्या. माझ्या टेबलावर कणगीवरच्या अंगठ्याचा मोठा केलेला फोटो होता. त्यांनी तो उचलून उजेडाला धरला.

‘म्याडम, ह्यो कुणाचा?’

‘तुमच्या आईचा. कणगीवरचा.’

‘नाय,’ त्या म्हणाल्या. ‘आईच्या डाव्या अंगठ्याला वण होता. भात कापताना विळा लागलेला, हाडापोतर. माझ्या टायमाला पोटुशी होती तेव्हा. आडवा वण, ह्या टोकापासून त्या टोकापोतर. लहानपणी मी त्याच्यावरून बोट फिरवत झोपायची. इथं कुठंय तो?’

कातडी झिजून परत येते, पण इतक्या खोल जखमेचा वण मरेपर्यंत जात नाही. आणि फोटोत वणाचा मागमूस नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा चुकीचा अभिप्राय दिला होता का? हा ठसा भलत्याच बाईचा असेल तर वकील म्हणणार, इथे चुकली ती साक्षीदाराच्या बायकोच्या ठशातही चुकली असेल; माझी सगळी साक्ष मातीमोल होणार, आणि माझ्यामुळे पुतण्या सुटणार. आम्ही कागदांना शंभर प्रश्न विचारतो, पण शेजारी उभ्या असलेल्या लेकीला ‘आईच्या बोटावर काही खूण होती का’ एवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं. या कामातल्या माणसालाच शोभणारा गाढवपणा! त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही.

मीच तपास अधिकाऱ्यांना गळ घातली की तरुणपणीचा एखादा कागद शोधा. इगतपुरीकडच्या एका धरणासाठी जमिनी घेतल्या, तेव्हाच्या जुन्या फायलींत सगुणाबाईंचा जबाब सापडला. नवी नवरी असतानाचा, वय एकोणीस. सरकारी कागद पिवळा पडलेला, पण डाव्या अंगठ्याचा ठसा शाबूत. तेव्हा विळा लागायचा होता, म्हणून वण नाही.

तो कागद आणि कणगीचा फोटो शेजारी ठेवून मी सकाळी दहाला बसले ते तीनलाच उठले. चक्र तेच. जिथे रेघ फुटते तिथेच फुटलेली, जिथे संपते तिथेच संपलेली. मी पगारेंना बघायला लावलं, मग आमच्या वरिष्ठांना. दोघांचंही मत माझ्यासारखंच पडलं. अंगठा सगुणाबाईंचाच होता.

माझा अभिप्राय बरोबर ठरला. पण मग माझ्यासमोर जे होतं ते काय होतं? त्या दिवाळीत आणलेल्या कणगीवर, सत्तरी ओलांडलेल्या बाईने लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन उमटवलेला अंगठा... एकोणीस वर्षांच्या मुलीचा होता. अभिप्रायाच्या नमुन्यात ‘व्यक्ती तीच आहे काय?’ एवढाच प्रश्न असतो. मी ‘होय’ लिहिलं. वय किती, हे मला कोणी विचारलं नाही, कोर्टातही नाही. मृत्युपत्र खोटं ठरलं, तारेचं कुंपण निघालं.

ज्यांना यातलं कळतं त्यांना मी विचारलंय. पीठ, ओलावा, प्रकाशाचा कोन, सगळं बोलून झालं. यातल्या कशानेही वण जात नाही.

निकालानंतर मी दोन्ही फोटो कमलबाईंना शेजारी ठेवून दाखवले आणि जे होतं ते सरळ सांगितलं. मला वाटलं घाबरतील, नाहीतर हात तरी जोडतील. त्यांनी कणगीवरच्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवलं आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं, मग पुन्हा फिरवलं.

‘मी जन्मायच्या आधीचा हात हाय ह्यो,’ त्या म्हणाल्या. ‘दुखायच्या आधीचा.’