रेघेला लावलेला कौल

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शेअर बाजारात बुडायला तेवढं पुरतं. जास्त शिकलेलेही बुडतात म्हणे, पण त्यांचं त्यांनी लिहावं.

लालबागला आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात सतराव्या मजल्यावर आम्ही राहतो. मी, मुलगा आणि सून. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आयुष्यभर लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करून मी थोडं साठवलं, ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. होतं म्हणायला हवं. आमच्याच मजल्यावरच्या एका बाईला कोणीतरी फोनवर गोड बोलून लुबाडलं आणि मुलाने माझ्यामागे टुमणं लावलं.

"आई, तुझं खातं माझ्याकडे दे. ओटीपी माझ्या फोनवर येऊ दे. तुला लागतील तेव्हा माग ना."

"मागायला मी काय दारावर आलेय?"

"तसं नाही गं. पण तू त्या पैशांचं करतेस काय? नुसते पडून आहेत."

'पडून' हा शब्द मला झोंबला. मी म्हटलं, "शेअर घेणार आहे." तोपर्यंत असं काही माझ्या मनातही नव्हतं. पण तोंड सुटलं की मला थांबता येत नाही. मी पुढे म्हणाले, "गणपतीपर्यंत बघ. फायदा झाला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तोटा झाला तर खातं तुझं."

सून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "आई, मी साक्षीदार हं." तिचे डोळे हसत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेअरचं खूळ मला समोरच्या दारातून लागलं. तिथे माझी मैत्रीण राहते, ख्रिश्चन आहे, एका ऑफिसात टायपिस्ट होती. रिटायर झाल्यापासून ती फोनवर शेअर घेते आणि विकते, आणि त्यातून वर्षाकाठी आपला माउंट मेरीच्या जत्रेचा खर्च काढते. तिने मला दादरला एका क्लासला नेलं. साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर खोली, पंचवीसेक खुर्च्या, पुढे टाय लावलेला एक मास्तर. सगळ्यात म्हातारी मीच.

मास्तरने भिंतीवर शेअरच्या भावाचं चित्र दाखवलं. त्यावर दोन रेघा. एक गेल्या थोड्या दिवसांच्या भावाची सरासरी, ती चपळ. दुसरी बऱ्याच दिवसांची, ती मंद. चपळ रेघ मंद रेघेला कापून वर गेली की घ्यायचं, कापून खाली आली की विकायचं. "बस, इतकंच," तो म्हणाला. "पण आजी, भावना बाजूला ठेवायच्या."

मी म्हटलं, "भावना माझ्याकडे कधी नव्हत्याच. आमच्या घरी विचारा."

सगळे हसले आणि मला वाटलं, पास झाले.

शेअर मी एका कुकर बनवणाऱ्या कंपनीचा निवडला. आमच्या घरी त्यांचा कुकर आहे आणि त्याची शिटी कधी बिघडली नाही. हे कारण मी मास्तरला सांगितलं नाही. होळीनंतर चपळ रेघ वर गेली, मी नियमाप्रमाणे घेतला आणि भाव खरंच चढायला लागला. मग माझं डोकं फिरलं. मी लिफ्टमध्ये लोकांना सल्ले द्यायला लागले. कोळणीला सांगितलं की पापलेटचा भाव आता उतरणार. ती म्हणाली, "मावशी, मग उतरला की या." मुलगा जेवायला बसला की मी त्याच्या ताटाशेजारी फोन ठेवायची, हिरवा आकडा वर करून. तो काही बोलायचा नाही. त्याचं न बोलणं मला लोणच्यासारखं गोड लागायचं.

लोणचं गोड नसतं हे मला माहीत आहे. तेव्हा कशाचीच चव कळत नव्हती.

आषाढात चपळ रेघ खाली आली. स्वच्छ दिसत होतं, कापून खाली. त्या दिवशी विकला असता तर बरा फायदा होता आणि मी पैज जिंकले होते. पण मला बरा नको होता, मला मुलाचं तोंड कायमचं बंद करायचं होतं. चित्राच्या वर बटणं असतात: दिवस, आठवडा, महिना. मी आठवड्याचं दाबलं. तिथे चपळ रेघ अजून वरच होती. मी म्हटलं, हे बरोबर. दिवसाचं काय घेऊन बसायचं?

आता यात माझ्या माहेरचा दोष आहे असं मी म्हणत नाही, पण वळण तिथलंच. कोकणात आमच्या गावी देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. माझ्या आजोबांना बैल विकत घ्यायचा होता आणि देव डावा कौल देत होता. आजोबा गुरवाला म्हणाले, "मेल्या, देवाक परत इचार. तू नीट इचारूक नाय." गुरवाने प्रश्न फिरवला. बैल घेऊ का, याच्याऐवजी बैल घेतला तर तुझी नाराजी आहे का, असं विचारलं. पुन्हा डावी पाकळी पडली, म्हणजे नाराजी नाही. बैल घरी आला. तो लंगडा निघाला, तरी आजोबांनी देवाला कधी बोल लावला नाही. मी लहान होते आणि मला आजोबा फार हुशार वाटले होते.

मैत्रिणीने माझा फोन बघितला आणि कपाळाला हात लावला. तिनेही तोच शेअर घेतला होता. रेघ खाली आली त्याच दिवशी विकून ती मोकळी झाली होती.

"अगं, दिवसाच्या रेघेवर घेतलास ना? मग तिच्यावरच सोड की."

"आठवड्याची वर आहे."

"आणि ती खाली आली मग?"

"मग महिन्याची बघेन."

"आमच्यात पण असली माणसं आहेत. एका संताने ऐकलं नाही की दुसऱ्यापुढे मेणबत्ती. तुला रेघ नाही बघायची, बाई, तुला फक्त हो ऐकायचंय."

मी तिला म्हटलं, तू तुझ्या जत्रेचं बघ. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

श्रावणात आठवड्याची रेघही खाली आली. मी महिन्याचं बटण दाबलं. महिन्याच्या रेघा इतक्या सुस्त असतात की बाजार बुडाल्याची बातमी त्यांना पुढच्या वर्षी कळते. तिथे सगळं छान चाललं होतं. भाव घसरत होता आणि मी महिन्याचं चित्र बघत शांत झोपत होते. ताटाशेजारी फोन ठेवणं बंद झालं हे सुनेने ओळखलं असणार, पण ती चांगल्या घरची आहे, बोलली नाही.

गणपती आले. आरती झाली, पाहुणे गेले, तेव्हा मी मुलाला म्हटलं, "तोटा झाला. घेतला त्याच्याही खाली आहे."

"किती?"

"बघ तूच. आता तुझंच आहे."

तो गोंधळला. "राहू दे गं आई. मी काय खरंच..."

"राहू दे काय? साक्षीदार बसलाय."

सून म्हणाली, "मी थट्टेत म्हटलं होतं." मी म्हटलं, मी थट्टेत नव्हतं म्हटलं. सुट्टी संपल्यावर दोघं बँकेत गेलो, सह्या केल्या, ओटीपीचा नंबर बदलला. कुकरचा शेअर त्याने त्याच दिवशी विकला. दिवसाच्या रेघेने सांगितलं होतं तेच, फक्त दोन महिने उशिरा. मला वाटलं, सुटले. पैसा गेला त्याचं फार वाटलं नाही, पैसा काय, माझ्या हातून पूर्वीही गेला आहे.

विसर्जनानंतर घरात सगळ्यांना मासे खायची घाई होती. मी पिशवी घेतली, चप्पल घातली आणि दारात लक्षात आलं, बटव्यात काही नाही. आत गेले. मुलगा दाढी करत होता.

"मला थोडे पैसे दे."

तो आरशात बघतच म्हणाला, "कशाला?"

त्याच्या मनात काही नव्हतं. कोणीही विचारतं तसं विचारलं. पण फॉल-पिकोची पहिली कमाई हातात आली तेव्हापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं, त्याच्या बापानेसुद्धा. मी तिथे उभी, हातात रिकामी पिशवी, आणि मला उत्तर द्यावं लागलं.

"सुरमई आणते."

त्याने मागितले त्याहून जास्त दिले. वर म्हणाला, "मोठी आण." मुलगा वाईट नाही. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

मोठीच आणली. मधले जाड तुकडे मी माझ्या ताटात घेतले आणि त्याला शेपटीकडचे दोन वाढले. त्याने वर बघितलं.

"आई, हे काय?"

"खा गुपचूप," मी म्हटलं. "अजून हवं असेल तर माग."