सेन्सेईंच्या पाया पडायला गेलो तेव्हा

इथे आखातात शुक्रवारची सुट्टी. सकाळी अल नस्र भागातली आमची खोली घोरत असायची आणि मी इस्त्रीचा शर्ट चढवून जपानी शिकायला निघायचो. आता याला कुणी बढाई म्हणायचं तर खुशाल म्हणा. आठवडाभर साइटवर धूळ खायची, सुपरवायझरचं ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला, आटपा, ऐकायचं आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा विद्यार्थी होऊन बसायचं, हे खायचं काम नाही!

खोलीत आमच्याबरोबर कुडाळकडचे एक ड्रायव्हर राहतात, माझ्या वडिलांच्या वयाचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. अल दुहैलपर्यंत तेच मला सोडायचे, आणि वाटेत टोमणे फुकट.

“मेल्या, मराठी धड बोलूक येना तुका, आणि म्हणे जपानी!”

“काका, मिरजेची मराठी आहे माझी. तुम्ही गाडी चालवा गप.”

वर्ग तिथल्या एका कंपाउंडच्या, म्हणजे बंदिस्त वसाहतीच्या, क्लबहाउसमध्ये भरायचा. शिकवणाऱ्या जपानी बाई त्याच कंपाउंडमध्ये राहायच्या. त्यांचे यजमान इथे इंजिनिअर. शिक्षकांना जपानीत सेन्सेई म्हणतात, एवढंच मला पहिल्या दिवशी ठाऊक होतं.

त्या दिवशी मी चपला बाहेर काढल्या, आत गेलो आणि सरळ बाईंच्या पाया पडायला वाकलो. विद्या घ्यायची तर आधी गुरूच्या पाया पडायचं, आमच्या घरची रीत. बाईंना वाटलं, मी त्यांच्या पद्धतीने नमस्कार करतोय. त्याही वाकल्या. माझा हात अजून पायापर्यंत पोचला नव्हता, म्हणून मी आणखी वाकलो. समोरचा जेवढा वाकेल त्याहून आपण कमी वाकायचं नाही, ही त्यांची रीत. त्या आणखी खाली आल्या. आणि टक्! डोक्याला डोकं. बाईंचा चष्मा खाली पडला. गुन्हेगार मी, आणि माफी मागत होत्या त्या! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गाडीत हे सांगितलं, तर काका घरी येईपर्यंत हसत होते. “पयल्याच दिवशी जपानाक धडक दिलंस रे!”

पण मी वर्ग सोडला नाही. उन्हाळ्यात गाडीचं स्टिअरिंग काकांच्या हाताला चटके द्यायचं तेव्हाही नाही.

मग यंदा बाईंनी सांगितलं, यजमानांचं काँट्रॅक्ट संपलं, आम्ही परत चाललो. नवीन मुलांचा वर्ग बंद करावा लागेल. तुमच्यापैकी कुणी शिकवू शकत असेल तर एक तास घेऊन दाखवा, मी बघून ठरवते.

माझा हात आधी वर गेला, डोकं नंतर चाललं. आमच्या घराण्यात गवंडी झाले, फिटर झाले, मी साइट इंजिनिअर झालो. ‘सर’ कुणी झालं नव्हतं. मला ते व्हायचं होतं. एवढं दुसरं काहीच मला कधी हवंसं वाटलं नव्हतं.

त्या शुक्रवारी समोर नवे विद्यार्थी बसले होते. मागे बाई, ताठ. बाहेर ऊन फार म्हणून काकाही दाराशी येऊन बसले. मी मार्कर उचलला आणि आठवडाभर घोकलेलं सगळं गायब. विद्यार्थी एकमेकांकडे बघू लागले. झालं, खलास, मनात म्हटलं.

तेवढ्यात काका दिसले. “काका, जरा इकडे या,” मी म्हटलं. “तुम्ही सेन्सेई व्हा.”

आणि मी इंग्रजीत वर्गाला त्या टकरीची गोष्ट सांगितली. मी पाया पडायला वाकलो, काका असे काही वाकले की कमरेतून कळ आली. “अगे आये!” वर्ग खो-खो हसला. मग मी सगळ्यांना उभं केलं. हात कुठे, पाठ कशी, डोळे कुठे, वाकताना काय म्हणायचं. तास कसा संपला कळलंच नाही.

फक्त बाई हसल्या नव्हत्या. आपण भर वर्गात गुरूची थट्टा केली की काय!

सगळे गेल्यावर त्या समोर आल्या. मी त्यांच्याच पद्धतीने वाकलो, हात बाजूला, पाठ सरळ. त्या वाकल्या नाहीत. मी तसाच वाकलेला, आणि कळेना मान वर करावी की नाही.

मग डोक्यावर हात टेकला. हलका, जरासा घाबरलेला.

“पहिल्या दिवशी मला माहीत नव्हतं,” त्या जपानीत, मला कळेल असं सावकाश म्हणाल्या. “नंतर मी विचारून घेतलं. हे असंच करतात ना, सेन्सेई?”

सेन्सेई. मला म्हणाल्या! मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही. डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू.

बाहेर आलो. काका टोमणा मारतील म्हणून मी तयारीतच होतो. ते एका हाताने कंबर धरून उभे होते. दुसऱ्या हाताने त्यांनी गाडीचं दार उघडलं.

“बसा, सर,” ते म्हणाले.