डाव्या हाताने दार

हिंदी मुलखातल्या पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या समोरच्या क्वार्टरमधले काका गाडीतून उतरताना दार डाव्या हाताने उघडायचे. दार उजवीकडे, आणि हे पोटावरून डावा हात नेत, अख्खं अंग वळवून, मागे बघत कडी ओढणार. बघणाऱ्याला हसूच यायचं. उजवा हात दुखत असेल, असं मी धरून चाललो होतो. एकदा विचारलं, तर चिडलेच.

“हाताला काय धाड भरलीय? डाव्या हाताने उघडलं की मान आपोआप मागे वळते. तुमच्यासारखे मोटारसायकलवाले मागून येतात, ते दिसायला नकोत?”

काकू नुकत्याच गाडी शिकायला लागल्या होत्या. त्या वैतागून म्हणाल्या, “आठवडा झाला, नुसतं दारच उघडतेय. अजून गियरला हात लावू दिला नाही!”

पुढे एका संध्याकाळी शिफ्ट सुटल्याच्या गर्दीत मी मोटारसायकलवरून मार्केटसमोरून येत होतो. कडेला काकांची गाडी उभी होती. तिचं दार बोटभर उघडलं आणि तिथेच थांबलं. आत एकट्या काकू, डाव्या हाताने दार धरून मागे वळलेल्या.

“निकल जाओ भैया, आराम से.”

हेल्मेटमुळे त्यांनी मला ओळखलंच नव्हतं.