आईचं हिरवं पातळ
ट्रंकेच्या तळाशी आईचं विटकं हिरवं पातळ सापडलं आणि शेणाचा, दुधाचा ओळखीचा वास आला. आमच्या म्हशीला आईशिवाय दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही, म्हणून आई कधी कुठं गेलीच नव्हती. मी नववीत असताना मामा ट्रॅक्स गाडी घेऊन आला आणि हट्टानं आम्हाला एका दिवसासाठी वेंगुर्ल्याला घेऊन निघाला. निघताना आईनं हे पातळ शेजारच्या काकीला दिलं. ते नेसून धारेला बसलं तर म्हैस फसेल, एवढीच आशा. आजरा मागं टाकून, आंबोलीचा घाट उतरून पोचेपर्यंत ऊन चढलं. मामानं आधी डचांची पडकी वखार दाखवली. भिंतींतून झाडांची मुळं उतरली होती. “एवढ्या लांबनं माणसं आली, बांधलं, आन् सोडून गेली व्हय?” आई म्हणाली. मग समुद्रात ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. लाट मागं जाताना पायाखालची वाळू सरकली की लहान पोरीसारखी हसायची. पण अर्ध्या तासातच म्हणाली, “चला, धारंला पोचाय पायजे. पान्हा चोरंल ती.” मामानं किती विनवलं, ऐकलं नाही. दिवेलागणीला घरी आलो, तर तेच पातळ नेसलेली काकी भरली चरवी घेऊन गोठ्यातून बाहेर येत होती. “गप दिलं की दूध!” आई उंबऱ्यावरच टेकली. “मग आनी थोडं थांबलो असतो की,” एवढंच बोलली. समुद्र पुन्हा न बघताच ती गेली. आज मी ते पातळ नाकाशी धरून बसले आहे. म्हैस फसली होती. मला फसता येत नाही.