बाभळीआडचा फलक

रहिमानचाचांना आम्ही चेष्टेनं फलकांचे डॉक्टर म्हणायचो. कऱ्हाड ते आटपाडी रस्त्याच्या देखभालीचं कंत्राट आमच्या कंपनीकडं होतं. चाचा फलक तपासायचे आणि मी त्यांची गाडी चालवायचो. दर सोमवारी कऱ्हाडशेजारच्या मलकापुरातून त्यांना घ्यायचं, मग वळणावळणावर थांबायचं. चाचा फलकाला ओलं फडकं मारणार, खांब हलवून बघणार, आड येणारी फांदी कोयत्यानं उतरवणार आणि मगच वहीत 'सुस्थितीत' लिहून सही करणार. उन्हानं माझा जीव जायचा, पण त्यांना घाई म्हणून ठाऊक नव्हती.

एका सोमवारी मात्र माझ्या हट्टापायी तपासणी बुडाली. रहिमतपूरला माझ्या बहिणीचा साखरपुडा होता. मी म्हटलं, "चाचा, आठ दिवसांत फलक काय पळून जातोय व्हय? मारा की सही." त्यांनी मारली.

त्याच आठवड्यात आटपाडीच्या अलीकडं धनाजी नावाचा डाळिंबवाला मोटरसायकलसकट कोरड्या ओढ्यात पडून गेला. तिथला वळणाचा फलक वेड्या बाभळीनं पार झाकला होता. वही बघून साहेबांनी सगळा दोष मयताच्या वेगावर ढकलला. आम्ही सुटलो. चाचांचं मात्र जेवणावरचं मन उडालं.

पुढच्या सोमवारपासून त्या वळणावर भलतंच सुरू झालं. आम्ही पोचायच्या आधीच फलक पुसलेला असायचा. त्यावरून पाणी निथळत असायचं, आणि आसपास कोसभर पाण्याचा थेंब नाही. बाभळीच्या फांद्याही ताज्या उतरवलेल्या, अगदी चाचा उतरवतात तशा तिरक्या. मी हसण्यावारी नेलं, पण अंगावर काटा आलाच.

चौथ्या सोमवारी चाचा म्हणाले, "गड्या, गाडी धनाजीच्या घराकडं घे. नोकरी गेली तर जाऊ दे."

धनाजीची बायको संयोगिता फाटकाशी उभी होती. चाचा उतरून तिच्यापुढं गेले.

"पोरी, त्या आठवड्यात मी फलक बघितलाच न्हाई. खोटी सही केली," म्हणाले आणि रडायला लागले.

ती दचकली नाही. "आवं चाचा, रोज सकाळी येता, हितंच उभं ऱ्हाता, कायबी बोलत न्हाई. आज बोललासा."

रोज सकाळी चाचा ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब, मलकापुरातल्या आपल्या घरी असायचे.

मग तिनं गाडीकडं बघितलं. "ह्ये डायवरदादाबी रोज संगं असत्यात. पर ते कवाच खाली उतरत न्हाईत."

मला भीती वाटली, आणि लाज त्याहून जास्त. दार उघडायला हात काही केल्या उचलेना.